वर्गातील यंत्र आणि बाराव्या वर्षाचे मन

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



सातवीच्या वर्गातील मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. दुसरी-तिसरीत असताना गुरुजींच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचा हात वर जात असे. उत्तर चुकले तरी त्याचे काही बिघडत नसे. आता तो हात वर जात नाही. एक द्वितीयांशात एक तृतीयांश मिळवले तर किती, या प्रश्नाला त्याच्या मनात ‘दोन पंचमांश’ हे उत्तर तयार असते. ते चुकीचे असावे अशी पुसट शंकाही असते, आणि शेजारची मुले हसतील ही भीती त्या शंकेहून मोठी असते. म्हणून तो गप्प राहतो. वर्ग शांत आहे, म्हणजे सर्वांना समजले, असे मानून धडा पुढे सरकतो. अपूर्णांक तेथेच राहतात, त्यांच्यावर दशांश अपूर्णांकांचा, मग गुणोत्तर-प्रमाणाचा आणि पुढे बीजगणिताचा भार येऊन पडतो. दहावीच्या उंबरठ्यावर घरच्यांना अचानक कळते की मुलाला गणित ‘जमत नाही’.

शाळेत संगणक असावेत की नसावेत, हा वाद आता जुना झाला आहे. २०२० मध्ये महामारीने शाळांना टाळे लावले आणि भ्रमणध्वनी हाच वर्ग झाला, तेव्हाच तो वाद निकालात निघाला. आज विचारण्याजोगा प्रश्न एवढाच आहे की, वर्गात आलेल्या यंत्रामुळे मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याचा हात पुन्हा वर जातो काय? ज्या समाजाच्या देणग्यांतून शाळांना यंत्रे मिळतात, त्या समाजाने तरी हा प्रश्न टाळू नये.

आशेचा आणि निराशेचा जुना इतिहास

यंत्र येईल आणि शिक्षण बदलून टाकील, ही आशा आजची नाही. चलच्चित्राच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये असे भाकीत केले होते की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील व त्यांची जागा चित्रपट घेतील. शंभर वर्षे उलटून गेली, तरी पुस्तक दप्तरात आहे.

आपल्या देशानेही या क्षेत्रात मोठे प्रयोग केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘साइट’ हा उपग्रहीय दूरचित्रवाणीचा प्रयोग राबविला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोहोचले व त्यांत सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली होती. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ची स्थापना झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणारी ही संस्था आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना आठवत असेल. ती २०१७ मध्ये बंद झाली. दरम्यान २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला.

या प्रयत्नांना अपयशी म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या गावात प्रयोगशाळा नव्हती, तेथे त्यांनी ज्वालामुखी आणि समुद्रतळ नेऊन पोहोचविला. तथापि त्या सर्वांची एक मर्यादा होती. पडदा बोलत असे आणि मूल पाहत असे. मुलाला काय समजले नाही, हे पडद्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या पुष्कळशा ‘डिजिटल वर्गां’तही हेच घडते. भिंतीवरील फळा काळ्याचा पांढरा झाला, त्यावर अक्षरांऐवजी चित्रे हलू लागली. पहिले आठ दिवस मुले कुतूहलाने पाहतात आणि नवव्या दिवशी खिडकीबाहेर पाहू लागतात.

या वयाचे स्वरूप

पाचवी ते आठवी हा काळ शिक्षणशास्त्रात स्वतंत्र मानला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवी हा ‘पूर्व माध्यमिक’ टप्पा वेगळा काढला आहे. या वयात शरीर झपाट्याने बदलते. भावनांचा वेग वाढतो, मात्र त्या वेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. समवयस्कांचे मत आई-वडिलांच्या मतापेक्षा जड होते. फजितीची भीती सर्वांत तीव्र असते ती याच वयात. त्याच वेळी ‘का?’ आणि ‘कशावरून?’ असे विचारण्याची खरी बौद्धिक शक्तीही याच वयात जागी होते.

म्हणून या मुलांना दोन गोष्टी हव्या असतात. चुकण्यासाठी सुरक्षित जागा आणि स्वतःच्या हाताने काही करून पाहण्याची संधी. यंत्र या दोन्ही देऊ शकते. रंगीत चित्रांचे आकर्षण ही तिसरी गोष्ट आहे. तिचे आयुष्य अल्प असते.

अनुभव काय सांगतो?

या विषयावर जगात गांभीर्याने अभ्यास झाले आहेत. पेरू या देशाने २००८ पासून ग्रामीण मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या पाहणीचा जो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणितात वा भाषेत प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्रे पोहोचली होती, ती वापरलीही जात होती. परंतु वर्गातील शिकवण्याची रीत बदललेली नव्हती.

गुजरातमधील दोन अभ्यास अधिक उद्बोधक आहेत. वडोदऱ्यातील पालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक, अशा रीतीने गणिताचे खेळ दिले गेले. त्यांच्या गणितात स्पष्ट सुधारणा झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक कटू सत्यही नोंदविले आहे. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराच अंश ओसरला. त्याच राज्यातील दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, चांगल्या शिक्षिकेचा तास काढून घेऊन तेथे संगणक बसविला, तेव्हा मुले अपेक्षेपेक्षा कमी शिकली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षिकेच्या शिकवण्याला जोड म्हणून दिला, तेव्हा मुलांना लाभ झाला.

आजच्या विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास दिल्लीतील आहे. सरकारी शाळांतील ६१९ मुलांवर, मुख्यतः सहावी ते नववीच्या, तो झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडत काढून निवडलेली मुले शाळा सुटल्यावर केंद्रात येत. ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे शिक्षकासमवेत लहान गटात, असा क्रम होता. संगणकावरील ‘माइंडस्पार्क’ ही प्रणाली प्रथम मुलाची खरी पातळी शोधून काढी व तेथूनच प्रश्न देई. तेव्हा उघड झाले की सहावीतील मूल गणितात सरासरी सुमारे अडीच इयत्ता मागे आहे, आणि नववीत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले आहे. म्हणजे मागच्या बाकावरील तो विद्यार्थी एकटा नव्हता. जवळजवळ सारा वर्गच त्या बाकावर बसलेला होता. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात, सोडतीत न निवडल्या गेलेल्या मुलांच्या सुमारे दुप्पट प्रगती केली. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र त्या मानाने फरक पडला नाही. कारण उघड आहे. ज्याची पायरी तिसरीच्या गणितापासून पुन्हा बांधली जात आहे, त्याला सातवीच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचण्यास वेळ लागणारच. पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गुणपत्रिका उशिरा बोलते.

या सर्व अभ्यासांचे सार थोडक्यात सांगता येते. यंत्र मुलाला त्याच्या पायरीवर भेटले आणि शिक्षक जवळ राहिला, तर लाभ होतो. शिक्षकाला बाजूला सारून केवळ यंत्र उभे केले, तर लाभ होत नाही, प्रसंगी हानी होते.

वर्गातील काही प्रत्यक्ष उदाहरणे

पहिले उदाहरण सर्वांत कमी खर्चाचे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक छापील कार्ड द्यावयाचे. कार्डावरील आकृती प्रत्येकाची वेगळी असते व तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. ‘०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती?’ असा प्रश्न फळ्यावर लिहिला जातो. प्रत्येक मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते. शिक्षक आपल्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा वर्गावरून फिरवितात आणि कोणी काय उत्तर दिले ते क्षणात त्यांच्या पुढ्यात येते. ‘प्लिकर्स’ या नावाने ही रीत ओळखली जाते. सबंध वर्गात यंत्र एकच, तेही शिक्षकांचे. शेजाऱ्याचे कार्ड पाहून नक्कल करता येत नाही, आणि कोणाचे चुकले हे वर्गाला कळत नाही. पस्तीस हा आठपेक्षा मोठा म्हणून ०.३५ मोठे, असे मानणारी मुले वर्गात किती आहेत, हे शिक्षकांना त्याच तासाला उमगते. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे चर्चा करून पुन्हा उत्तर द्यावयास सांगावे. परदेशातील विद्यापीठांतून ही चर्चेची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ झाली. ती सातवीच्या वर्गालाही तितकीच मानवते. हात वर न करणारा विद्यार्थी कार्ड वर करतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण भूमितीचे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एका बिंदूत मिळतात, हे वाक्य मुले पाठ करतात. ‘जिओजिब्रा’ या विनामूल्य प्रणालीत हीच रचना करून त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढून पाहावा. त्रिकोण लघुकोन असेपर्यंत तो संपातबिंदू आतच असतो. कोन काटकोन होताच तो बरोबर कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो, आणि विशालकोन होताच त्रिकोणाबाहेर निघून जातो. ‘अरे, बाहेर गेला!’ हा उद्गार ज्या वर्गात उमटतो, त्या वर्गाला मग ‘का गेला?’ हा प्रश्न विचारता येतो. येथे शिक्षकाचे काम सुरू होते. पडद्यावर शंभर वेळा तसे दिसले म्हणजे ते सिद्ध झाले असे नव्हे, हे शिक्षकच सांगू शकतो. नंतर प्रत्येकाने पट्टी-कंपास घेऊन तीच रचना वहीत करावी. पडद्याने कुतूहल जागविले, वहीने ते पक्के केले.

तिसरे उदाहरण विजेचे. एकसर जोडणीतील पहिला दिवा विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’ आणि दुसऱ्याला कमी मिळते, अशी या वयातील अनेकांची समजूत असते. कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून विकसित केलेले ‘फेट’ नावाचे आभासी प्रयोग मराठीतूनही उपलब्ध आहेत. त्यांत मुलाने दोन सारखे दिवे, विद्युतघट व तारा जोडाव्यात; परंतु कळ दाबण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहावा. अंदाज चुकतो, दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि चुकलेला अंदाज मनात घर करून राहतो. चुकीच्या जोडणीने पडद्यावर ज्वाळा उठतात, पण कोणाचा हात भाजत नाही. त्यानंतर खरा विद्युतघट आणि खरे लहान दिवे हाती द्यावेत.

चौथे उदाहरण तर कागदाचे आहे. भारतात जन्मलेले व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे मनु प्रकाश यांनी सहकाऱ्यासह घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक तयार केला. ‘फोल्डस्कोप’ या नावाने २०१४ मध्ये तो जगापुढे आला. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवितो आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याला जोडून छायाचित्रही घेता येते. ज्या घरांत पाणी गाळून पिण्याचा आणि गाळण्यातील जिवाणी पुन्हा विहिरीत सोडण्याचा संस्कार आहे, त्या घरातील मुलाने तळ्याच्या पाण्याचा थेंब या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. आजीने ज्या काळजीने कापड धरले, तिचे कारण ते मूल डोळ्यांनी पाहील, आणि पाहून झाल्यावर तो थेंब कोठे सोडावा हे त्याला सांगावे लागणार नाही.

यांशिवाय शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवून जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस मुलांनीच मोजावा, संगणकावर तक्त्यात भरावा व आलेख काढावा. गावातील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या मराठीत टंकलिखित कराव्यात. अशा कामात यंत्र हे हत्यार होते, आणि मुलाला आपण काही निर्माण केल्याचा अभिमान वाटतो.

आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वांना स्मरत असेल. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यातून कविता, ध्वनिफिती व स्वाध्याय मुलांच्या घरापर्यंत पोहोचविण्याचा त्यांचा उपक्रम पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे उदाहरण हेच सांगते की, मोठा बदल महागड्या यंत्रातून येत नाही. आपल्या वर्गातील मुलाला नेमके काय हवे, हे ओळखणाऱ्या शिक्षकापासून तो सुरू होतो.

सावधानतेचे दोन शब्द

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या यंत्रावर धडा आहे, त्याच यंत्रावर खेळ, चित्रफिती आणि मित्रांचे संदेश आहेत. मोठ्यांनाही जो मोह आवरत नाही, तो बाराव्या वर्षी आवरावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे. फ्रान्सने २०१८ मध्येच कायद्याने पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेत भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई केली. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला की शिक्षणातील तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर यावे. म्हणून वर्गात यंत्राची वेळ ठरलेली असावी, काम संपताच ते बंद व्हावे, आणि मुलाचा स्वतःचा भ्रमणध्वनी शाळेत नसावा. शिक्षकांच्या देखरेखीखालील सामाईक यंत्र पुरेसे आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून नवी अडचण उभी राहिली आहे. निबंध आणि गणिताची उत्तरे क्षणात तयार मिळतात. मूल विचार करण्यापूर्वीच उत्तर हाती आले, तर विचार करण्याची सवयच लागत नाही. यावर केवळ बंदी पुरणार नाही. सातवी-आठवीच्या वर्गात शिक्षकांनी स्वतः असे तयार उत्तर फळ्यावर दाखवावे आणि मुलांना त्यातील चूक शोधावयास सांगावे. यंत्राचीही चूक होते, आणि ती पाठ्यपुस्तक व तर्क यांच्या आधारे पकडता येते, हे ज्याने एकदा अनुभवले, तो यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणार नाही.

समाजाचे कर्तव्य

आता शेवटचा आणि या मेळाव्याशी सर्वांत निकटचा मुद्दा. समाज दानशूर आहे. शाळेला संगणक द्यावेत अशी इच्छा अनेक कुटुंबांच्या मनात असते, आणि ती स्तुत्य आहे. परंतु गावोगावच्या शाळांत एक दृश्य वारंवार दिसते. संगणक कक्षाच्या दारावर देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, दाराला कुलूप आहे, आत यंत्रांवर कापडी आच्छादने आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नाही. बिघाड झाला तर दुरुस्तीला पैसा नाही, आणि मुलांनी हात लावला तर बिघाड होईल ही भीती आहे. दान झाले, पण ते मुलापर्यंत पोहोचले नाही.

म्हणून यापुढे देणगीचा विचार करताना यंत्राच्या किमतीबरोबर आणखी तीन खर्च धरावेत. पहिला, पाच वर्षांच्या दुरुस्तीचा व विजेचा. दुसरा, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. तेही एक दिवसाचे शिबिर नव्हे, तर वर्षभर महिन्यातून एकदा शिक्षकांनी एकत्र बसून आपले अनुभव सांगण्याचे. तिसरा, शाळा सुटल्यावर दररोज एक तास कक्ष उघडा ठेवणाऱ्या मार्गदर्शकाच्या मानधनाचा. दहा यंत्रे घेऊन हे तीन खर्च न करण्यापेक्षा पाच यंत्रे घेऊन ते करणे श्रेयस्कर. वडोदऱ्यातील मुले दोघांत एक यंत्र घेऊनच शिकली होती. त्या जोडीत माऊस नेहमी मुलाच्याच हाती आणि मुलगी केवळ पाहणारी, असे होऊ नये याकडेही लक्ष असावे. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलीसाठी सायंकाळचा तो एक तास हीच तिची संगणकशाळा आहे.

समाजातील निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकेतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातून एक सायंकाळ दिली, तर तिसऱ्या खर्चाचा पुष्कळसा भारही हलका होईल. पाटीवर नाव कोरले जाणार नाही, पण ‘बाई, मला जमलं’ असे म्हणणारे मूल ते नाव लक्षात ठेवील.

आणि पालकांनी? मूल घरी आल्यावर ‘आज किती गुण मिळाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय चुकले, आणि ते कसे कळले?’ असे विचारावे. हा प्रश्न रागाने नव्हे, जिज्ञासेने विचारला गेला, तर मूल उत्तर देईल. घरात चुकण्याची मुभा मिळालेले मूल वर्गातही हात वर करते.

सुवर्णमहोत्सव हा पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव आहे, तसाच तो पुढील वर्षांचा संकल्पही आहे. यंत्रे जुनी होतील, नवी येतील. सातवीच्या वर्गातील मागचा बाक मात्र तेथेच राहील व त्यावर कोणी ना कोणी बसलेले असेल. संगणक कक्षाची किल्ली त्या मुलासाठी दररोज फिरावी, एवढा संकल्प या मेळाव्याने केला तरी पुष्कळ झाले.